टेक्सास हिलरीने जिंकलं, पण डेलिगेट ओबामाला जास्त. हे वाटप होतं तरी कसं?

प्रश्न असा विचारलाय की अमेरिकेत प्रायमरीमध्ये (म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यात होणारं मतदान) एक उमेदवार राज्य जिंकतो, मतं त्यालाच जास्त, आणि तरी डेलिगेट दुसऱ्याला जास्त कसे जातात, आणि कोणाला किती द्यायचे हे ठरवतं कोण. मी ह्यूस्टनजवळ राहते, २००८ पासून डेमोक्रॅटिक पक्षासाठी आमच्या प्रिसिंक्टचं काम बघते (प्रिसिंक्ट म्हणजे आपल्याकडचा बूथ समजा), आणि हे डेलिगेटचं गणित कागदावर हाताने कितीतरी वेळा केलंय. जरा लांब होईल पण नीट सांगते.

आधी एक गोष्ट. राज्य "जिंकलं" ही टीव्हीची भाषा आहे. डेमोक्रॅटिक पक्षाच्या नियमात राज्य जिंकल्याबद्दल वेगळं असं काही मिळतच नाही. डेलिगेट तुकड्यातुकड्याने वाटले जातात, प्रत्येक तुकड्याचं गणित वेगळं होतं आणि मग बेरीज होते. सगळी गंमत त्या तुकड्यांत आहे.

डेलिगेट म्हणजे उन्हाळ्यात पक्षाच्या राष्ट्रीय अधिवेशनाला जाऊन उमेदवारासाठी मत देणारा माणूस. आपल्याकडे तिकीट वरून येतं, एबी फॉर्म हातात पडेपर्यंत कोणाला खात्री नसते. इथे ते तिकीट अधिवेशनातल्या बहुमताने मिळतं. २०२० ला डेमोक्रॅटांचे ३,९७९ बांधील (म्हणजे मतदारांनी ठरावीक उमेदवारासाठी निवडलेले) डेलिगेट होते आणि जिंकायला १,९९१ लागत होते. पूर्वी इथेही बरंचसं बंद खोलीतच ठरायचं. १९६८ ला ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता उमेदवार झाले, शिकागोच्या अधिवेशनाच्या वेळी रस्त्यावर पोलीस आणि आंदोलकांची मारामारी झाली, आणि त्यानंतर पक्षाने कमिशन नेमून नियम बदलले. आज जे काही नियम आहेत त्यांची मुळं तिथे आहेत, म्हणून ते किचकट असले तरी मला त्यांच्याबद्दल आदर आहे.

आता टेक्सास, ४ मार्च २००८. त्या वर्षी आमच्याकडे दोनदा मत द्यायचं होतं, त्याला सगळे टेक्सास टू-स्टेप म्हणायचे. दिवसभर नेहमीसारखं मतदान, ते ७ ला संपणार, आणि सव्वासातला त्याच ठिकाणी कॉकस, म्हणजे पक्षाच्या मतदारांची सभा, जिथे आपला उमेदवार सांगून सही करायची. आमचं केंद्र शाळेच्या कँटीनमध्ये होतं, ते लहान मुलांचे बुटके बाक असतात ना, त्यावर म्हातारी माणसं अंग चोरून बसलेली, बाहेर पार्किंगपर्यंत रांग, आणि ज्या तक्त्यांवर नाव-पत्ता-उमेदवार लिहून सही करायची ते तक्ते अर्ध्या तासात संपले. मग कोणीतरी गाडीतून वही आणली, पानं फाडली, पट्टीने रेघा मारल्या आणि त्यावर सह्या सुरू झाल्या. कितीतरी जण रांग बघून घरी गेले, लहान पोरं असलेले, रात्रपाळीवाले. त्यांनी दिवसा मत दिलं होतं, त्यांना वाटलं झालं आपलं काम. पण टेक्सासच्या १९३ बांधील डेलिगेटपैकी ६७ त्या संध्याकाळच्या सह्यांवरून सुरू होणाऱ्या साखळीतून ठरणार होते, जी पुढे जूनमध्ये ऑस्टिनच्या राज्य अधिवेशनात संपली. दिवसाच्या मतदानात हिलरी लाखभर मतांनी पुढे होत्या आणि त्यातून डेलिगेट मिळाले ६५, ओबामांना ६१. कॉकसमध्ये ओबामा ३८, हिलरी २९. बेरीज करा, ओबामा ९९, हिलरी ९४. ही पद्धत नंतर पक्षाने बंद करायला लावली, २०१६ पासून आमच्याकडे नुसती प्रायमरी आहे, आणि ते बरंच झालं. ज्याला संध्याकाळी दोन तास उभं राहता येत नाही त्याचं मत अर्धं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

पण थांबा, कॉकस सोडून द्या. लाखभर मतांची आघाडी आणि त्यातून फक्त ४ डेलिगेटचा फरक, असं का? खरा प्रश्न हा आहे, आणि त्याचं उत्तर आजही लागू आहे.

दिवसाचे ते १२६ डेलिगेट राज्याच्या ३१ सिनेट डिस्ट्रिक्टमध्ये वाटलेले होते. (बहुतेक राज्यांत हे वाटप काँग्रेशनल डिस्ट्रिक्टवर होतं, म्हणजे आपल्या लोकसभा मतदारसंघासारखं, पण टेक्सास राज्याच्या सिनेटचे डिस्ट्रिक्ट घेतं आणि न्यू जर्सी राज्य विधिमंडळाच्या दोन-दोन डिस्ट्रिक्टची जोडी लावतं.) लोकसंख्या सगळ्यांची साधारण सारखी, पण डेलिगेट सारखे नाहीत. आधीच्या निवडणुकांत जिथे पक्षाला जास्त मतं पडली तिथे जास्त डेलिगेट. त्यामुळे ऑस्टिनच्या डिस्ट्रिक्टला ८, ह्यूस्टनच्या कृष्णवर्णीय वस्तीच्या डिस्ट्रिक्टला ७, आणि मेक्सिकोच्या सीमेलगत जिथे हिलरींचा जोर होता तिथे आधी मतदान कमी झालेलं म्हणून तीन-चारच. म्हणजे सीमेवर रांगा लावून लोकांनी हिलरींना मतं दिली, पण तिथल्या डब्यात लाडूच कमी ठेवले होते.

दुसरी गोष्ट सम आणि विषम. कॅम्पेनमध्ये आम्ही सगळ्यात जास्त वेळ यावर घालवतो. समजा दोनच उमेदवार आहेत आणि डिस्ट्रिक्टला ४ डेलिगेट आहेत. तुम्ही ५२ टक्के घ्या, ५८ घ्या, ६२ घ्या, निकाल २-२ च. ३-१ करायचं तर साडेबासष्टच्या वर जावं लागतं. आता ३ डेलिगेटचा डिस्ट्रिक्ट घ्या, तिथे ५० च्या वर एक मत जास्त पडलं की २-१. ५ चा असेल तर ५० च्या वर ३-२, आणि मग थेट ७० टक्क्यांपर्यंत काही बदलत नाही. ६ चा असेल तर ५८.३३ पर्यंत ३-३. मग सांगा, हातात ५० माणसं आहेत आणि शेवटचा शनिवार आहे, तर दारोदार कुठे फिरवाल? जिथे आपण ५५ वर आहोत त्या ४ वाल्या डिस्ट्रिक्टमध्ये फिरून उपयोग शून्य, आणि शेजारच्या ३ वाल्यात ४९ वर असू तर तिथे दोनशे मतांनी एक डेलिगेट हलतो. नवीन पोरं कामाला आली की मी त्यांना आधी हा तक्ता पाठ करायला लावते. आपल्याकडे विधान परिषदेच्या निवडणुकीत कोटा काढून कोणाची मतं कुठे वळवायची हे जसं रात्रभर बसून ठरवतात ना, तसंच डोकं इथे लागतं, फक्त इथे आमदारांऐवजी सामान्य मतदार असतात आणि त्यांना कोणी हॉटेलात नेऊन ठेवत नाही.

अपूर्णांकाचं काय करतात ते एका खऱ्या उदाहरणावरून दाखवते, आकडे छोटे आहेत म्हणून हेच नेहमी घेते. ३ मार्च २०२०, अमेरिकन समोआ, पॅसिफिकमधली छोटीशी बेटं, तिथल्या लोकांना नोव्हेंबरच्या राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मतच नाही पण पक्षाच्या निवडीत आहे. एकूण मतं पडली ३५१, डेलिगेट ६. ब्लूमबर्ग १७५, तुलसी गॅबर्ड १०३, सँडर्स ३७, बायडन ३१, वॉरन ५. पहिली पायरी, ज्याला १५ टक्के नाहीत तो बाद. सँडर्स साडेदहाच्या आसपास, बायडन नऊच्या आत, वॉरन दीडच्या आत, तिघे बाद. दुसरी पायरी, बाद झालेल्यांची मतं हिशोबातूनच काढून टाकायची, म्हणजे राहिली १७५ अधिक १०३, २७८. तिसरी पायरी, सहाला त्या प्रमाणात वाटा. ब्लूमबर्ग ३.७८, गॅबर्ड २.२२. पूर्णांक आधी देऊन टाका, ३ आणि २, झाले ५. उरलेला एक ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला, म्हणजे ब्लूमबर्गला. ४-२. बस, एवढंच आहे. ब्लूमबर्ग यांनी त्या कॅम्पेनवर ५० कोटी डॉलरच्या वर खर्च केला आणि पहिला नंबर आला तो फक्त इथे.

यात ती १५ टक्क्यांची अट नीट लक्षात घ्या, कारण बहुतेक लोक इथेच चुकतात. अट दोनदा लागते. राज्याच्या पातळीवर एकदा आणि प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये वेगळी. राज्याचे डेलिगेट साधारण असे विभागतात की मूळ संख्येपैकी ७५ टक्के डिस्ट्रिक्टवर, २५ टक्के राज्यभरच्या मतांवर, आणि वर आणखी १५ टक्के पक्षाच्या पदाधिकाऱ्यांसाठी, तेही राज्यभरच्या मतांवरच. (राज्याला एकूण किती हे मागच्या तीन राष्ट्राध्यक्षीय निवडणुकांत तिथे पक्षाला किती मतं पडली आणि राज्याची इलेक्टोरल मतं (राष्ट्राध्यक्ष निवडताना त्या राज्याच्या वाट्याची मतं) किती यावरून ठरतं, आणि प्रायमरी उशिरा घेतली की वर बोनस.) आता २०२४ चं मिशिगन बघा. गाझाच्या प्रश्नावर नाराज लोकांनी बायडनना मत न देता "अनकमिटेड" म्हणजे कोणालाच नाही असा शिक्का मारला, एक लाखाच्या वर मतं, पण राज्यभर ती १३ टक्क्यांच्या थोडी वर, म्हणजे १५ च्या आत. राज्य पातळीवर शून्य. पण ॲन आर्बर ज्यात येतं तो ६ नंबरचा डिस्ट्रिक्ट आणि डिअरबॉर्न ज्यात येतं तो १२ नंबरचा, तिथे ती १५ च्या वर गेली, आणि दोन डेलिगेट मिळाले. बायडन ११५, अनकमिटेड २. दोन म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण तीच माणसं पुढे शिकागोच्या अधिवेशनात आपलं म्हणणं घेऊन गेली आणि सगळ्या चॅनलनी त्यांना दाखवलं. एवढ्या लोकांच्या रागाला कायदेशीर दार मिळालं ते फक्त डिस्ट्रिक्टवार गणितामुळे. मला हा नियम म्हणूनच आवडतो.

मिशिगनवरून आठवलं, आपले बेळगावचे श्री ठाणेदार २०२३ पासून तिथल्या १३ नंबरच्या डिस्ट्रिक्टचे खासदार, डेमोक्रॅटिक पक्षाचे. पक्षाचा खासदार आपोआप डेलिगेट असतो, त्यालाच लोक सुपरडेलिगेट म्हणतात. ही सोय १९८४ पासून आहे, आणि २०१६ च्या हिलरी-सँडर्स भांडणानंतर २०१८ मध्ये नियम केला की निकाल आधीच पक्का झालेला नसेल तर पहिल्या फेरीत त्यांनी मत द्यायचं नाही. म्हणजे आता पहिल्या फेरीत सामान्य मतदारांनी निवडलेल्या बांधील डेलिगेटवरच सगळं ठरतं.

१५ टक्क्यांच्या अटीची वाईट बाजूही सांगते. २०२० ला पीट बुटिजेज १ मार्चला आणि एमी क्लोबुशार २ मार्चला रिंगणातून बाहेर पडले, सुपर ट्यूजडे (एकाच दिवशी बऱ्याच राज्यांच्या प्रायमरी) ३ ला. आमच्याकडे आगाऊ मतदान त्याच्या आधीच संपलेलं. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी मोठ्या हौसेने बुटिजेजना मत दिलं होतं, त्यांनी मला फोन करून विचारलं की माझं मत आता परत घेता येईल का. नाही येत. असली मतं बहुतेक ठिकाणी १५ च्या खाली राहतात आणि हिशोबातून गायब होतात. मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते, उमेदवार पाच-सहा असतील तर आगाऊ मतदानाची घाई करू नका, शेवटचे दोन दिवस बघा.

रिपब्लिकन पक्षाचं सगळं वेगळं आहे, तिथे राज्याला बरीच मोकळीक. प्रत्येक काँग्रेशनल डिस्ट्रिक्टला ३, राज्याला १०, पक्षाचे तीन पदाधिकारी, आणि पक्षाच्या कामगिरीप्रमाणे बोनस. वाटायचे कसे ते राज्य ठरवतं, फक्त १५ मार्चच्या आधी प्रायमरी असेल तर काही ना काही प्रमाण ठेवावं लागतं, आणि त्यातही पळवाट आहे की कोणी ५० टक्क्यांच्या वर गेला तर सगळे त्याला. कॅलिफोर्नियाने २०२४ ला तेच केलं, १६९ च्या १६९ ट्रम्पना. याच्या अगदी उलट आयोवा, त्याच वर्षी, तिथे किमान टक्क्यांची अटच नव्हती म्हणून विवेक रामस्वामींना ७.७ टक्क्यांवर ४० पैकी ३ मिळाले. आणि सगळ्यात बघण्यासारखं साउथ कॅरोलिना २०१६. २९ डेलिगेट राज्यात पहिला येणाऱ्याला, आणि सात डिस्ट्रिक्टमध्ये प्रत्येकी ३ तिथे पहिला येणाऱ्याला. ट्रम्पना मतं ३२.५ टक्के, रुबिओ आणि क्रूझ दोघे बावीसच्या आसपास. ट्रम्प राज्यात पहिले, सातही डिस्ट्रिक्टमध्ये पहिले, डेलिगेट ५० पैकी ५०. दोनतृतीयांश लोक विरोधात आणि डेलिगेट शंभर टक्के. हेच मतदान डेमोक्रॅटांच्या नियमाने मोजलं असतं तर ती शर्यत कितीतरी लांबली असती.

आता आपल्या लोकांनी नीट वाचावं असा मुद्दा. किती डेलिगेट हा एक प्रश्न, आणि ती माणसं कोण हा दुसरा. बहुतेक राज्यांत मतपत्रिकेवर फक्त राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचं नाव असतं आणि माणसं नंतर निवडतात. पण इलिनॉयमध्ये २०१६ ला रिपब्लिकनांच्या डिस्ट्रिक्टच्या डेलिगेटची नावं मतपत्रिकेवर होती, कंसात तो कोणाचा ते. एकाच उमेदवाराचे तीन डेलिगेट, म्हणजे तिघांना सारखीच मतं पडायला हवीत ना? नाही पडली. ट्रम्पच्या ज्या डेलिगेटांची नावं परदेशी वाटत होती त्यांना त्यांच्याच जोडीदारांपेक्षा कमी मतं पडली, आणि त्यात काही जागा दुसऱ्या उमेदवाराकडे गेल्या. लोकांना हवा होता तोच उमेदवार, फक्त नाव वाचून पेन थांबलं. मला याचा फार त्रास झाला, पक्ष कुठलाही असो. कुलकर्णी, देशपांडे, सूर्यवंशी अशी नावं घेऊन आपण इथे राहतो. यावर उपाय एकच, जास्त नावं दिसायला हवीत. डेलिगेट म्हणून उभं राहायला खासदार असावं लागत नाही, पैसेवालं असावं लागत नाही. नागरिकत्व, मतदार म्हणून नोंद (जिथे पक्षनिहाय नोंद होते तिथे पक्षात), वेळेत भरलेला अर्ज, आणि आपल्या उमेदवाराच्या टीमने नावाला हरकत न घेणं, एवढं पुरतं. अधिवेशनाचा खर्च मात्र बहुतेक वेळा स्वतःचा असतो, ते आधी समजून घ्या.

डेलिगेट बांधील म्हणजे किती बांधील, हेही कोणीतरी विचारेलच. डेमोक्रॅटांच्या नियमात शब्द असे आहेत की ज्यांनी निवडून दिलं त्यांच्या भावना सदसद्विवेकबुद्धीने मतातून दिसल्या पाहिजेत. बस, इतकंच, बेडी नाही. एरवी कोणी याकडे बघत नाही. पण २१ जुलै २०२४ ला बायडन बाहेर पडले आणि त्यांचे जवळपास ३,९०० डेलिगेट एका दुपारी मोकळे झाले. ते आपोआप कमला हॅरिसना गेले असं बरेच जण समजतात, तसं नाही झालं. राज्याराज्यातल्या डेलिगेटांनी फोनवर, व्हिडिओ कॉलवर बैठका घेऊन पाठिंबा जाहीर केला आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ऑनलाइन मतदान होऊन उमेदवारी पक्की झाली. एरवी नुसता फोटो काढायला जाणारी माणसं म्हणून ज्यांच्याकडे बघतात, त्यांनी दोन दिवसांत उमेदवार ठरवला.

आता शेवटी न्यू जर्सी, कारण तिथे आपली इतकी माणसं आहेत आणि हे उदाहरण त्यांना आठवत असेल. ५ फेब्रुवारी २००८. हिलरी न्यू जर्सीत लाखाच्या वर मतांनी जिंकल्या, डेलिगेट ५९-४८, म्हणजे ११ ची आघाडी. त्याच रात्री आयडाहोमध्ये, जिथे नोव्हेंबरला डेमोक्रॅट जिंकायची शक्यताच नसते, ओबामांच्या टीमने आधीपासून ऑफिसं उघडून कॉकसची तयारी केली होती, ते तेरा हजारांच्या आसपास मतांनी पुढे राहिले आणि डेलिगेट १५-३, आघाडी १२ ची. टीव्हीवर रात्रभर न्यू जर्सी चाललं होतं. हिशोबात आयडाहोने ते पुसून वर एक डेलिगेट जास्त दिला.

पुढच्या वेळी तुमच्या राज्याची प्रायमरी आली की राज्य पक्षाच्या साइटवर डेलिगेट सिलेक्शन प्लॅन नावाचा कागद शोधा, सगळ्यांसाठी खुला असतो. तो खूप लांबलचक आहे, सगळा वाचू नका. ज्या पानावर डिस्ट्रिक्टप्रमाणे आकडे आहेत ते पान काढा आणि तुमच्या डिस्ट्रिक्टपुढे ३ आहे का ४ ते बघा. ३ असेल तर शेजाऱ्यांनाही गाडीत घेऊन जा.